मद्यपाशातील पुरुष आणि मंडळीची सेवा : शपथेपूर्वी काय, शपथेनंतर काय

रविवारची उपासना आटोपल्यावर एखादी बाई पाळकाच्या दाराशी येऊन उभी राहते आणि खालच्या आवाजात म्हणते, "ह्यांना एकदा समजावून सांगा. तुमचं ऐकतील." असा प्रसंग आपल्यापैकी कोणासही अपरिचित नसेल. मग तो पुरुष बोलावला जातो. त्याची कानउघाडणी होते, त्याच्यासह प्रार्थना होते आणि पवित्र शास्त्रावर हात ठेवून 'आजपासून थेंबालाही शिवणार नाही' अशी शपथ त्याच्याकडून घेतली जाते. उपदेश, प्रार्थना आणि शपथ ही तीन साधने आपल्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत आणि त्यांमागील कळकळ खरी आहे. तथापि ज्याचे शरीर मद्याच्या पूर्णपणे अधीन झाले आहे, अशा पुरुषाच्या बाबतीत केवळ एवढीच साधने वापरली तर ती बहुधा निष्फळ ठरतात आणि क्वचित प्राणावरही बेततात. शपथ टाकून द्यावी, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. तिच्या आधी काय व्हावयास हवे व तिच्यानंतर काय चालू राहावयास हवे, हे धर्मसेवकाने जाणून घेतले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

प्रश्नाचा आकार आधी ध्यानी घेऊ. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून देशव्यापी पाहणी करविली व तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील पुरुषांपैकी शेकडा सुमारे २७ जण मद्य घेतात, तर स्त्रियांत हे प्रमाण शेकडा दोनाहूनही कमी आहे. मद्याच्या अधीन झालेल्यांची संख्या सुमारे २ कोटी ९० लाख भरते. त्यांच्यापैकी ३८ जणांमागे एकासच काही ना काही उपचार मिळाल्याचे आढळले. रुग्णालयात राहून उपचार घेतलेला तर १८० जणांमागे एकच. उरलेले डॉक्टरांपर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांतील पुष्कळांच्या घरचे लोक कोणा ना कोणा धर्मसेवकापर्यंत मात्र पोहोचले असावेत. म्हणूनच हा विषय वैद्यकाचा आहे, आपला नव्हे, असे म्हणून आपणांस बाजूला होता येत नाही.

पाप की रोग?

हा प्रश्न प्रत्येक मंडळीत विचारला जातो, आणि त्याचे उत्तर 'हे किंवा ते' अशा रीतीने दिले गेल्यामुळे पुष्कळ घोटाळा झाला आहे. पहिला पेला पुरुष आपल्या इच्छेने उचलतो, हे खरे. परंतु वर्षानुवर्षे नित्य मद्य घेतल्याने मेंदूच्या कार्यातच बदल घडून येतो. मद्य मेंदूस गुंगी आणते. तो समतोल राखण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवीत जातो. मग तेवढ्याच परिणामासाठी अधिक मद्य लागते, आणि ते न मिळाल्यास वाढलेली उत्तेजना मोकळी सुटते. हात कापू लागतात, झोप उडते, जीव घाबरा होतो. ह्या अवस्थेत माणूस आनंदासाठी पीत नसतो. त्रास थांबविण्यासाठी पितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मद्याधीनतेस स्वतंत्र स्थान आहे, ते ह्याच कारणाने.

म्हणून जबाबदारी संपते काय? नाही. मधुमेह झालेल्या माणसास रोगाबद्दल दोष देत नाहीत, परंतु पथ्य त्यानेच पाळावयाचे असते. मद्यपाशाचेही तसेच आहे. बायकोचे दागिने विकले, मुलांवर हात उगारला, ह्यांचा पश्चात्ताप व भरपाई त्यालाच करावी लागेल. मात्र तो पश्चात्ताप शुद्धीवर आलेल्या माणसाने करावयाचा असतो. ज्याचा हात कापत आहे, त्याच्याकडून पापाची कबुली घेण्याची घाई करू नये. आधी हात कापावयाचा थांबू द्यावा.

दोन प्रकारचे पुरुष

पिणारे सारे एकाच अवस्थेत नसतात. काही जण घातक प्रमाणात पितात, पण शरीर अद्याप अधीन झालेले नसते. दुसरे पूर्णतः अधीन झालेले असतात. दोघांचा मार्ग वेगळा आहे, म्हणून आरंभीच भेद ओळखावा. त्यासाठी चार प्रश्न जगभर वापरात आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉन युइंग यांनी ते १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा आशय असा : पिणे कमी करावे असे कधी वाटले आहे काय? पिण्यावरून कोणी बोलले असता राग येतो काय? पिण्याबद्दल मनाला कधी टोचणी लागली आहे काय? सकाळी उठताच, अंग स्थिर होण्यासाठी, घ्यावी लागते काय? दोन किंवा अधिक प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आल्यास काळजी करण्याजोगी स्थिती समजावी. चौथ्याचे उत्तर 'होय' असेल, तर त्या पुरुषास डॉक्टरांकडे नेल्यावाचून मद्य सोडण्याचा आग्रह करू नये. हे प्रश्न एकांतात, बरोबरीने बसून विचारावेत. 'दादा, तुमच्या तब्येतीविषयी थोडं विचारायचं होतं,' एवढी सुरुवात पुरे. बायकोच्या किंवा मंडळीच्या पंचांच्या देखत विचारल्यास खरे उत्तर येणार नाही.

पहिल्या गटातील पुरुषांना समजूतदार संभाषणाचा उपयोग होतो, ह्याचा उत्तम पुरावा गोव्यातच मिळाला आहे. 'संगाथ' ह्या संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. समुपदेशक डॉक्टर नव्हते. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेली, परंतु ह्या कामासाठी प्रशिक्षित केलेली स्थानिक माणसे होती. अर्ध्या-पाऊण तासाच्या, फार तर चार भेटी होत. त्या भेटींत उपदेश नसे. तुम्ही किती पिता, त्याने काय होते, तुम्हांस काय बदलावेसे वाटते, मित्रांनी आग्रह केल्यास नाही कसे म्हणाल, पगाराच्या संध्याकाळी कोणत्या रस्त्याने घरी जाल, अशा धर्तीचे बोलणे असे. तीन महिन्यांनंतर, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी शेकडा १८ जण मागील पंधरवड्यात मद्यापासून पूर्ण दूर राहिले होते. ज्यांस ह्या भेटी मिळाल्या त्यांच्यांत हे प्रमाण शेकडा ४२ होते.

धर्मशिक्षकांनी ह्या प्रयोगाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्या समुपदेशकांचे सामाजिक स्थान आपल्या धर्मशिक्षकाहून फारसे निराळे नव्हते. ते त्याच भागातले, त्याच भाषेत बोलणारे आणि ऐकून घेण्यास शिकलेले होते. मात्र त्याच प्रयोगातील एक गोष्ट विसरता कामा नये : ह्या भेटींमुळे पत्नीवरील हिंसाचारात फरक पडल्याचे आढळले नाही. दारू सुटली की मारहाण आपोआप थांबेल, असे आश्वासन कोणाही स्त्रीस देऊ नये. तिच्या संरक्षणाचा विचार वेगळा व आधी झाला पाहिजे.

दारू एकाएकी तुटली तर

आता दुसऱ्या गटाकडे वळू. जो पुरुष कित्येक वर्षे रोज, आणि सकाळपासून पितो, त्याने एकाएकी मद्य बंद केल्यास पुढील क्रम संभवतो. सहा ते चोवीस तासांत हातांना कंप, घाम, ओकारी, निद्रानाश. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भयंकर भ्रम होतो. भिंतीवर किडे, अंथरुणात साप, दाराशी पोलीस दिसू लागतात. वेळ-काळ व माणसे ओळखू येत नाहीत. ताप चढतो, नाडी धावते. डॉक्टर ह्या अवस्थेस डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न झाल्यास हिच्यात मृत्यू येऊ शकतो. वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण वाचतात.

हा क्रम आपल्या कार्याशी किती निगडित आहे पाहा. रविवारी शपथ झाली, तर फिटचा धोका सोमवारी-मंगळवारी आणि भ्रमाचा धोका मंगळवार ते गुरुवार ह्या दिवसांत असतो. राखेच्या बुधवारी प्रायश्चित्तकाळासाठी दारू सोडणारे पुरुष आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतील मद्याधीन पुरुष शुक्रवार-शनिवारी संकटात सापडू शकतो. निवासी साधनाशिबिरात तिसऱ्या रात्री एखादा शिबिरार्थी ओरडू लागतो, त्यालाही भूतबाधा म्हणण्याआधी हे कारण आठवावे. अशा माणसास बांधून त्याच्यावर रात्रभर प्रार्थना करणे म्हणजे वैद्यकीय मदतीचे मोलाचे तास घालविणे होय. प्रार्थना रुग्णवाहिकेतही करता येते.

म्हणून नियम असा समजावा : रोज पिणाऱ्या पुरुषाने मद्य सोडावयाचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. डॉक्टरांची भेट होईपर्यंत 'आजच, आत्ताच बंद कर' असा आग्रह धरू नये. व्यासपीठावरून संयमाचा उपदेश करणाऱ्यास हे बोलणे विचित्र वाटेल, परंतु ह्यात प्राणरक्षणाचा प्रश्न आहे. रुग्णालयात शांतवणारी औषधे क्रमाक्रमाने कमी करीत पाच ते दहा दिवस देतात आणि त्याबरोबर थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देतात. नित्य मद्यपान करणाऱ्यांच्या शरीरात ह्या जीवनसत्त्वाचा मोठा तुटवडा असतो. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावल्यास मेंदूस कायमची इजा होण्याचा धोका असतो. गावातील दवाखान्यात 'अशक्तपणा आहे, एक सलाईन लावू' असे म्हटले गेल्यास, 'हे रोज दारू घेतात' ही माहिती डॉक्टरांना स्पष्ट द्यावी. घरचे लोक लाजेने तीच लपवितात.

प्रदेशपरत्वे आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हैदराबाद व तेलंगणच्या जिल्ह्यांत विकल्या जाणाऱ्या ताडीत अल्प्राझोलामसारख्या गुंगीच्या औषधांची भेसळ होत असल्याचे वारंवार आढळले आहे. २०१५ मध्ये शासनाने ह्या भेसळीविरुद्ध कडक मोहीम काढली, तेव्हा ताडी एकाएकी तुटल्याने फिट व भ्रम झालेले शेकडो लोक रुग्णालयांत आले होते. 'ताडीच तर आहे' असे म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नये. दुसरी गोष्ट वडोदरा व गुजरातमधील बांधवांसाठी. तेथे दारूबंदी असल्यामुळे पिणे चोरून होते आणि विषारी लठ्ठ्याचा धोका वाढतो. जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत अशा दारूने शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पिऊन आलेल्या माणसास अंधुक दिसू लागले, पोटात कळा येऊ लागल्या किंवा श्वास जड झाला, तर झोप काढून उतरेल म्हणून थांबू नये. कायद्याच्या भयाने रुग्णालय टाळणे त्याच्या डोळ्यांवर किंवा जिवावर बेतेल.

औषधे, गुप्त पुड्या आणि प्रभुभोजनाचा प्याला

शरीर स्थिर झाल्यावर मद्याची ओढ कमी करणारी औषधे डॉक्टर देऊ शकतात. नाल्ट्रेक्झोन व अकॅम्प्रोसेट ही त्यांपैकी दोन. तिसरे डायसल्फिराम. हे घेत असलेल्या माणसाने थोडेही मद्य घेतले तरी चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, ओकारी, रक्तदाब घसरणे असा तीव्र त्रास होतो. त्या भीतीने तो दूर राहतो. हे औषध रुग्णाच्या पूर्ण माहितीने व संमतीनेच द्यावयाचे असते. 'नवऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींतील पुड्या भाजीत मिसळणाऱ्या भगिनी आपल्या मंडळ्यांतही आहेत. अशा पुडीत काय असेल हे सांगता येत नाही; डायसल्फिराम असेल आणि त्यावर तो प्याला, तर हृदयावर घाला पडू शकतो. ह्या मार्गापासून त्यांस ममतेने परावृत्त करावे.

येथे धर्मसेवकावर एक खास जबाबदारी येते. डायसल्फिरामचा परिणाम शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, आणि प्रभुभोजनातील द्राक्षारसाचा घोटही त्रासदायक ठरू शकतो. औषध नसले तरी मद्याचा वास व चव जुनी ओढ जागी करू शकते. ज्या मंडळ्यांत न आंबलेला द्राक्षरस वापरतात, तेथे अडचण नाही. जेथे द्राक्षासव वापरतात, तेथे त्या बांधवासाठी वेगळी सोय आधीच, गाजावाजा न करता, करून ठेवावी. कॅथलिक परंपरेत केवळ भाकरीच्या रूपात कम्युनियन घेतल्यानेही ते परिपूर्ण होते. मद्यपाशातून बाहेर येत असलेल्या धर्मगुरूसही बिशपांच्या अनुज्ञेने मस्ट, म्हणजे नाममात्र आंबलेला द्राक्षरस, वापरता येतो. द्राक्षासव-अशोकारिष्टासारखी आसवे व खोकल्याची काही औषधे यांतही मद्यार्क असतो, हेही रुग्णाच्या घरी सांगावे.

निवासी पुनर्वसन केंद्र

शरीरातून मद्य निघून जाण्यास आठवडा पुरतो. मद्याभोवती बांधलेले जीवन बदलण्यास तेवढा काळ पुरत नाही. ह्यासाठी निवासी केंद्रे आहेत. पुण्याचे 'मुक्तांगण' हे मराठी वाचकांस सुपरिचित. डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी ते ऑगस्ट १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केले, पु. ल. देशपांडे यांचे त्यास मोठे साहाय्य झाले. काही आठवड्यांचा निवास, ठरलेली दिनचर्या, व्यायाम, श्रम, गटचर्चा व कुटुंबीयांशी संवाद अशी तेथील पद्धत आहे. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तेथे नव्या रुग्णांस आधार देतात. दुसरे उदाहरण 'कृपा फाउंडेशन'चे. फादर ज्यो परेरा यांनी ते १९८१ मध्ये मुंबईतील वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये सुरू केले. बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून शिकलेल्या योगासनांची जोड त्यांनी उपचारास दिली. २००९ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. एका ख्रिस्तसभेच्या आवारात आरंभ झालेले हे कार्य पुढे देशाच्या अनेक भागांत पोहोचले.

प्रत्येकास दूर जाणे शक्य नसते. आपल्या विखुरलेल्या वस्तीच्या जवळ शासकीय संस्था आहेत : गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार व मानववर्तन संस्था, बेळगाव भागासाठी धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, इंदूरचे बाणगंगा येथील मानसिक रुग्णालय, ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा, वडोदऱ्यास कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालय, हैदराबादेत एर्रागड्डा येथील मानसिक आरोग्य संस्था. ह्यांखेरीज सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर अनेक जिल्ह्यांत पुनर्वसन केंद्रे चालतात. जवळचे केंद्र कोणते, हे १४४४६ ह्या राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी क्रमांकावर विचारता येते. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. हे दोन क्रमांक चर्चच्या फलकावर लिहून ठेवावेत. विचारावयास लाजणारा पुरुष फलक वाचतो.

केंद्राची निवड डोळसपणे करावी. मध्यरात्री चार धटिंगण पाठवून रुग्णास उचलून नेणारी, कोंडून ठेवणारी, मारहाण करणारी केंद्रेही व्यवसाय करीत आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ह्यान्वये मद्य व मादक द्रव्यांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थाही मानसिक आजारांत मोडतात, आणि कोणत्याही रुग्णास साखळदंडाने बांधणे निषिद्ध आहे. रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीच्या विनंतीवरून दाखल करावयाचे झाल्यास त्याची ठरावीक प्रक्रिया असते. प्रथमतः कमाल मुदत ३० दिवसांची असते व तीत तज्ज्ञांची तपासणी आवश्यक असते. कोणत्याही केंद्राची शिफारस करण्यापूर्वी आपण स्वतः जाऊन पाहावे व चार गोष्टी विचाराव्यात : डॉक्टर कधी येतात? केंद्राची नोंदणी आहे काय? घरच्यांना भेटू देतात काय? सोडल्यानंतर पाठपुरावा कसा करतात? ह्यांपैकी एकाचेही उत्तर देण्यास टाळाटाळ झाली, तर आपले नाव त्या केंद्रामागे उभे करू नये. 'फक्त प्रार्थनेने बरे करतो, औषध लागत नाही' असे सांगणाऱ्या केंद्रासही हीच कसोटी लावावी.

बैठका आणि कुटुंब

केंद्रातून परतलेल्या पुरुषास सर्वांत स्वस्त व दीर्घकाळ मिळणारा आधार म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ह्या बंधुसंघाच्या बैठका. अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी १९३५ मध्ये बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ ह्या दोन मद्यपींच्या भेटीतून हा संघ जन्मास आला. भारतात त्याचे कार्य १९५७ पासून आहे. आत्मपरीक्षण, दोषांची कबुली व भरपाई हे त्यातील विचार त्या काळच्या एका ख्रिस्ती चळवळीतून आले असले, तरी संघ कोणत्याही धर्माचा नाही; येथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती व नास्तिकही एकत्र बसतात. शुल्क नाही, आडनाव विचारले जात नाही. तेथे आयुष्यभराची शपथ नसते. आजचा एक दिवस न पिण्याचा निश्चय असतो, आणि उद्या तोच पुन्हा. आपल्या शपथेने ह्यापासून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. आयुष्यभराची शपथ एकदा मोडली की माणूस स्वतःस पतित समजून चर्चकडे पाठ फिरवतो आणि त्या लाजेवर उतारा म्हणून अधिक पितो. एका दिवसाचा निश्चय मोडला, तरी दुसऱ्या सकाळी तो पुन्हा करता येतो.

मंडळीने ह्या बैठकांस आठवड्यातून एक संध्याकाळ एखादी खोली, पाणी व चहा द्यावा. पाळकाने त्या खोलीत जाऊन प्रवचन करू नये व कोण आले कोण गेले हे पाहूही नये. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून 'अल्-अ‍ॅनॉन' नावाचा स्वतंत्र संघ आहे. पत्नीस दोन गोष्टी तेथे कळतात : नवऱ्याची दारू तिच्यामुळे लागलेली नाही, आणि त्याच्या वतीने मुकादमाला खोटे सांगणे, उधारी फेडणे, बाटल्या लपविणे ह्यांनी त्याचा रोग झाकला जातो, बरा होत नाही. आपण तिला 'सहन कर, देव पाहत आहे' एवढेच सांगितले, तर तिचा भार आणखी वाढतो.

घरी परतल्यावर

पहिले तीन महिने सर्वांत निसरडे असतात. ह्या काळात मंडळीचे काम सर्वाधिक असते, आणि नेमके तेव्हाच 'आता बरा झाला' म्हणून आपण मोकळे होतो. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ त्यास सर्वांत जड जाते. भेटीस जावयाचे तर त्या वेळी जावे. जुने सोबती तुटल्याने तो एकटा पडतो. गायनमंडळ, चर्चची डागडुजी, मुलांचा फुटबॉल असे दहा जणांतले काम त्यास द्यावे, परंतु दानपेटीची किल्ली व व्यासपीठ लगेच देऊ नये. नवी साक्ष द्यावयास उभा केलेला पुरुष महिन्याभरात घसरला, तर त्यास पुन्हा दारात येणे फार कठीण होते. गेलेली नोकरी परत मिळविण्यासाठी मालकास चार ओळींचे पत्र द्यावे. बोटीवर काम करणारा तारवटी सुटी संपवून जहाजावर जाणार असेल, तर औषधे व पाठपुराव्याची व्यवस्था आधीच करावी. लग्न व बारशाच्या मेजवानीत त्याच्या शेजारी न पिणारा मित्र बसवावा.

आणि तो घसरला तर? बहुतेक जण एकदा तरी घसरतात. हा रोग पुनःपुन्हा उलटणारा आहे, हे मंडळीस आधीच सांगून ठेवावे. घसरलेल्यास 'शपथ मोडलीस' असे न म्हणता 'कुठे, कोणाबरोबर, कशानंतर?' असे विचारावे, कारण पुढील सावधगिरी त्याच उत्तरातून निघते. पुन्हा रोज प्यावयास लागला असेल, तर पुन्हा डॉक्टर, हा क्रम बदलत नाही.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण अनेकदा सांगितली आहे. याजक व लेवी पुढे निघून गेले, हे आपण त्यात ठळकपणे सांगतो. शोमरोन्याने काय काय केले, हे मात्र घाईने उरकतो. त्याने जागीच जखमा बांधल्या. मग त्या माणसास उतारशाळेत नेले, कारण पुढची शुश्रूषा रस्त्यावर होणारी नव्हती. तेथे त्याने खर्चाची सोय केली, काम दुसऱ्याच्या हाती सोपविले आणि परत येताना चौकशी करण्याचे ठरवून तो गेला. मद्यपाशातील पुरुषासाठी आपले काम हेच आहे : प्रसंगी प्रथम मदत, मग योग्य रुग्णालय किंवा केंद्र, आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा जाणे. शपथ घ्यावयाची तर ती ह्या वाटेवर, हात कापावयाचे थांबल्यावर घ्यावी. ती त्याने एकट्याने घेऊ नये. त्याच्याबरोबर मंडळीनेही घ्यावी, आणि मंडळीची शपथ परत येण्याची असावी.